नळी की डबी

कार्प्यो विलाफ्लोरएवढा घाबरट माणूस आमच्या मरिकिना शहरात दुसरा नसेल. हे मी त्याच्या माघारी बोलत नाही, तोंडावर बोललेली आहे, आणि त्यावर तो "बरं मग?" एवढंच म्हणायचा. आम्ही दोघं एकाच कारखान्यात बूट बनवायचो. तो बूट ज्यांच्यावर ओढून बसवतात ते लाकडाचे फर्मे तासायचा, मी अपरची, म्हणजे बुटाच्या वरच्या चामड्याची, शिलाई करायचे. माझ्यापेक्षा तो बराच मोठा, म्हणून मी त्याला कुया म्हणते, थोरल्या भावाला म्हणतात तसं. त्याचं आणि माझं घर शेजारी, मधली भिंत एकच. त्यामुळे त्याच्या काळज्या मला घरबसल्या ऐकू यायच्या.

कामावर निघताना तो गॅस बंद केलाय का ते बघायचा, कोपऱ्यापर्यंत जायचा, परत यायचा, पुन्हा बघायचा. नदीला पाणी चढतंय असं कोणी सहज जरी म्हटलं तरी पुलावर जाऊन खांबावरचे आकडे वाचून यायचा. मोठा पूर आला त्या वर्षी त्याने सगळ्यांच्या आधी आपले फर्मे माळ्यावर चढवले होते. आम्ही हसलो. मग पाणी माळ्यावरही चढलं आणि सगळे फर्मे वाहून गेले. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, एवढी काळजी करून काय हाती लागलं? कुयाने त्यातून काढलेला अर्थ असा, की काळजी कमी पडली.

असा माणूस सिगारेट मात्र बिनघोर ओढायचा. कारखान्यात सोल चिकटवायच्या सोल्युशनचा वास दिवसभर कोंडलेला असतो. एक ठिणगी पडली तर अख्खी आळी पेटेल. म्हणून तो रस्ता ओलांडून समोरच्या आंब्याखाली जायचा, तिथे ओढायचा, थोटूक चपलेखाली चिरडायचा, वर थुंकायचा, आणि मगच परत यायचा. आगीची एवढी धास्ती, पण स्वतःच्या छातीची नव्हती. मिसरूड फुटायच्या आधी लागलेली सवय पन्नाशी उलटली तरी चालूच होती.

मग खोकला लागला. आधी सकाळचा, मग केव्हाही. आरोग्य केंद्रात फोटो काढला तर उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला सावली निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जुन्या क्षयाचा व्रण असू शकतो, नसूही शकतो. काही महिन्यांनी पुन्हा फोटो काढू. तोवर सिगारेट एकदम बंद.

"नसूही शकतो," हे दोन शब्द कुयाने घरी आणले आणि त्यांच्यासोबत राहायला लागला. त्याचा थोरला भाऊ फुप्फुसानेच गेला होता. मिंदा, त्याची बायको, माझ्या दारात येऊन रडली. "लिदिंग, याला काही झालं तर मी काय करू गं? हा काळजी करत बसायचा म्हणून मी कधी केलीच नाही. मला करता येत नाही."

त्याने सोडायचा प्रयत्न केला, खोटं कशाला बोलू. आलं चघळलं, पुदिन्याच्या गोळ्या चोखल्या, कलिंगडाच्या खारवलेल्या बिया इतक्या खाल्ल्या की त्याच्या पाटाभोवती सालपटांचा ढीग पडायचा. हात थरथरायला लागला. फर्मा तासणाऱ्याचा हात थरथरला की बूट डाव्या पायाला चावतो. मालकाने दोन वेळा सांभाळून घेतलं. आणि एके दिवशी मी धागा आणायला बाहेर पडले, तर आंब्यामागून धूर निघताना दिसला. मला पाहून त्याने मान खाली घातली. मी तशीच पुढे गेले.

आता ओन्योकबद्दल सांगते. ओन्योक मिंदाचा धाकटा भाऊ, जीपनी चालवायचा, म्हणजे लांब जीपसारखी उतारूंची गाडी. बहिणीच्या नवऱ्याला काय आणि बायकोच्या भावाला काय, आमच्याकडे बायाव असंच म्हणतात, आणि हे दोघं एकमेकांना तसंच हाक मारायचे. बाकी दोघांत साम्य काही नाही. ओन्योक एका हाताने गाडी चालवायचा, दुसऱ्या हाताने खायचा, आणि मान वळवून मागच्या बायकांशी गप्पा मारायचा. त्या वर्षी आमच्या भागात व्हेपचं, सिगारेटऐवजी वाफ ओढायच्या यंत्राचं, वेड आलं होतं. गल्लीगल्लीत दुकानं निघाली, वाफेचे मोठे ढग कोण सोडतो याच्या शर्यती लागायच्या. ओन्योक एका दुपारी कारखान्याच्या दारात येऊन उभा राहिला आणि त्याने एवढी वाफ सोडली की मालकीणबाई आग लागली म्हणून ओरडत बाहेर आल्या.

"बायाव, हे बघ!" त्याच्या हातात पितळेची जाड नळी होती, घासून चकचकीत केलेली. "महिना झाला, एका सिगारेटला शिवलो नाही."

कुयाने नळी हातात घेतली नाही. मान वाकडी करून नुसती पाहिली. "आत काय आहे?"

"बॅटरी. खाली बटण. वर तार आणि कापूस. बटण दाबलं की तार तापते, कापसातला निकोटिनचा रस उकळतो, त्याची वाफ ओढायची. झालं."

"आणि जास्त तापली तर?"

"तर बटण सोडायचं."

"आणि बटण सुटलं नाही तर?"

ओन्योक माझ्याकडे वळला. "लिदिंग, हा लग्नाच्या दिवशी पाद्रीबाबाला काय म्हणाला होता माहितीय? 'आणि ती नाही म्हणाली तर?'"

कारखाना हसला. कुयाही हसला, पण नजर नळीवरच होती.

मिंदाने ठरवलं की कुयाने दुकानात जाऊन बघायला काय हरकत आहे. मला म्हणाली, "तू सोबत जा. नाहीतर ओन्योक त्याच्या गळ्यात काहीतरी मारेल."

दुकान म्हणजे घराची मोटार ठेवायची जागा, तिथे काचेचं कपाट आणि चार उंच स्टुलं. चालवणारी पोरगी रिझ्झा. नर्सिंग शिकलेली, परदेशी जायचं जमलं नाही, म्हणून हा धंदा. बोलायला नर्ससारखीच, सावकाश आणि स्पष्ट.

"तितो, पहिल्यांदा घेताय ना?" तितो म्हणजे काका. "मग माझं ऐकाल तर हे सर्किटवालं घ्या. काही बिघडलं तर आपोआप बंद होतं."

"उघडून दाखव."

"हे उघडत नाही. आत बंद असतं सगळं."

"मग ते बंद होईल हे मला कसं कळणार?"

"व्हायला पाहिजे, तितो."

"व्हायला पाहिजे," कुया म्हणाला, आणि ते यंत्र त्याने दोन बोटांनी हळूच परत सरकवलं. रिझ्झालाही फार जोर करता आला नाही. कारण तसली बंद पडून परत आलेली यंत्रं तिच्याच खणात पडलेली होती आणि खण अर्धा उघडा होता.

मग तिने साधी यंत्रं काढली, ज्यांच्यात सर्किट नाही, नुसतं धातू, बॅटरी आणि बटण. ती काचेवर ओळीने ठेवली. पहिली ओन्योकसारखी नळी, बटण बुडाला. दुसरी ॲल्युमिनियमची जाड डबी, दोन बॅटऱ्यांची, बटण बाजूला. तिसरी लहान डबी, एकाच बॅटरीची, पोटात रसाची मऊ बाटली. बाटली दाबली की रस वर कापसात चढतो. तिलाही बटण बाजूलाच होतं आणि बटणाखाली ते अडकवायला सरकवायची एक कडी.

"या सगळ्यांत सर्किटचं काम तुम्ही करायचं," रिझ्झा म्हणाली. "तापतंय का ते तुम्ही बघायचं. तार किती जाड, बॅटरी कुठली, ते सगळं मला विचारून. मनाने काही बदलायचं नाही."

कुयाने प्रत्येक यंत्र उघडलं. झाकण काढलं, स्प्रिंग दाबून पाहिली, झाकणाचा चुंबक ओढून पाहिला. मागे रांगेत पोरं खोळंबली होती. नळी त्याला आवडली, ते मला त्याच्या बोटांवरून कळलं. गोल, भरीव, एका सांध्याची, चांगल्या फर्म्यासारखी. पण ती त्याने काचेवर उभी ठेवली आणि चटकन परत उचलली.

"ही उभी ठेवली की बटण दाबलं जात नाही?"

"खालची कडी फिरवून कुलूप लावायचं, तितो."

"विसरलो तर?"

"तू?" आमच्यासोबत आलेला ओन्योक म्हणाला. "तू विसरशील? तू झोपेतसुद्धा गॅस बघायला उठतोस!"

कुयाने जाड डबी उचलली. "दोन बॅटऱ्यांतली एक दमली आणि दुसरी नाही, तर?"

"म्हणून दोन्ही एकदमच घ्यायच्या, एकदमच चार्ज करायच्या," रिझ्झा म्हणाली.

"या बाटलीतला रस बॅटरीवर गळला तर?"

रांगेतला एक जण म्हणाला, "काका, तुम्ही पुदिन्याच्या गोळ्याच खा."

रिझ्झाने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. पण कुया स्टुलावरून उतरलाच. "विचार करून सांगतो," म्हणाला.

त्याने जो विचार केला तो आम्हा सगळ्यांना पुरला. जेवणाच्या सुट्टीत तो खडूने चामड्याच्या तुकड्यांवर नळी काढायचा, डबी काढायचा, बटण कुठे, बॅटरी कुठे, गॅस बाहेर पडायला भोकं कुठे. भात आणि सुकी मासळी तशीच पडून राहायची. फुटलीच तर कुठल्या बाजूने फुटेल, हे तो मला विचारायचा, जसं काही मला माहीत होतं. "खिशात असेल तर मांडी जाईल. तोंडाशी असेल तर दात जातील. लिदिंग, दात गेलेले बरे की मांडी?" घरी त्याने पाण्याची बादली दाराशी ठेवायला सुरुवात केली, अजून काही विकत घेतलेलं नसताना. फुटणारी बॅटरी हातात आली तर कुठे टाकायची, याचा विचार करत तो रस्त्याने चालायचा. इथे गटार, इथे मोकळी जागा, इथे नको, इथे शाळेची पोरं.

आणि या सगळ्या काळात तो आंब्यामागे जातच होता. मला त्याचा राग यायला लागला होता. एकदा मी म्हटलं, "कुया, नळी की डबी हे ठरेपर्यंत सावली थांबणार आहे का?" त्याचा चेहरा असा झाला की बोलले ते परत घ्यावंसं वाटलं.

ज्या सकाळी ते घडलं, त्या सकाळी आम्ही शेजारच्या पासिगला माल घेऊन चाललो होतो, ओन्योकच्या जीपनीतून. बुटांची पोती मागे, पोत्यांशेजारी मी आणि काही उतारू. कुया पुढे, ओन्योकच्या बाजूला, मांडीवर चामड्याच्या कापलेल्या तुकड्यांची गुंडाळी. ओन्योक खुशीत होता. त्याने रविवारच्या बाजारातल्या एका टपरीवरून नळीला रसाची नवी काचेची टाकी घेतली होती आणि सकाळीच स्वतः बसवली होती.

"रिझ्झाला विचारलंस?" कुयाने विचारलं.

"आटे बसले ना? मग झालं. तिला काय प्रत्येक वेळी विचारायचं? माझी बायको आहे का ती?"

गिअरच्या दांड्याजवळ ओन्योकने एक पत्र्याचा डबा पक्का केलेला होता, सुटे पैसे आणि चिंध्या ठेवायला. नळी त्याने त्यातच उभी खोचली. बुडावर, म्हणजे बटणावर. कुया तिच्याकडे बघतोय हे मला मागून दिसत होतं.

"बायाव, कडी फिरवलीस का?"

"फिरवली, फिरवली."

रस्ता खराब होता, गाडी आदळत होती. थोडं पुढे गेल्यावर गरम पितळेचा वास आला. मग फुसफुस ऐकू आली, कुकरची शिटी यायच्या आधी येते तशी. ओन्योकने सवयीने हात घालून नळी उचलली आणि किंचाळला. ती त्याच्या हातातून सुटून मांडीवर पडली. पँट पेटली नाही, पण वितळली म्हणा. नळीच्या भोकांतून पांढरा धूर झोतासारखा निघाला आणि पुढची काच दिसेनाशी झाली.

"ब्रेक!" कुया ओरडला. "ब्रेक मार, स्टिअरिंग धर!"

त्याने चामड्याची गुंडाळी उलगडून दोन्ही हातांवर घेतली आणि ओन्योकच्या मांडीवरून नळी उचलली. मी म्हटलं, आता फेकेल. त्याच्या बाजूला दरवाजा नव्हता, नुसती मोकळी चौकट. पण फेकली नाही. कारण त्या बाजूला बेकरी होती आणि पावाची रांग लागली होती, कडेवर मुलं घेतलेल्या बायका होत्या. कुयाने नळी चामड्यात घट्ट धरली, शरीराबाहेर लांब, मान वळवून, डोळे बारीक करून, आणि ओरडत राहिला, "बाजूला व्हा! बाजूला व्हा!" गाडी खरडत पुढे सरकत होती. चामड्यातून धूर येत होता. बेकरी गेली, लाँड्री गेली, मग तो ओढा आला जिथे लोक कचरा टाकतात. तिथे त्याने हात झाडला. पाण्यात पडताना नळीचा मोठा आवाज झाला, आणि ओढ्याकाठचा कुत्रा पळाला.

गाडी विजेच्या खांबाला टेकून थांबली. कोणी मेलं नाही. ओन्योकची मांडी आणि तळहात भाजले होते, चांगलेच. कुयाच्या बोटांच्या टोकांना फोड आले होते. तो खाली उतरला, फुटपाथवर बसला, आणि त्याला उलटी झाली. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते तर पाठ भिजलेली. "फेकायला उशीर झाला," तो परत परत म्हणत होता. "लिदिंग, मला फेकायला उशीर झाला."

"कुया, बेकरी होती तिथे."

"माहितीय," तो म्हणाला. आणि पुन्हा, "उशीर झाला."

ओन्योकला दवाखान्यात ठेवलं. आळीत कुयाचं नाव झालं. जो तो येऊन पाठ थोपटायचा, बेकरीवाल्याने पावांची पिशवी पाठवली. मिंदाने नळीला, टाकीला, बाजाराला आणि आपल्या भावाला यथेच्छ शिव्या घातल्या. आणि कुया? कुया दुसऱ्या दिवसापासून आंब्याखाली उघड जायला लागला. मागे लपणंही सोडलं. सकाळी एक, चहाला एक, जेवणानंतर दोन. मला म्हणाला, "ही निदान माझ्या हातात फुटणार नाही."

या वेळी मिंदाच उठली. रडली नाही. त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "मी त्या पोरीकडे जाते आणि विचारते काय झालं ते. तू येतोस का घरी बसून काळजी करतोस?"

तो गेला. मीही गेले. रिझ्झाचं दुकान रिकामंच होतं. बातमी पसरल्यापासून पोरं येईनाशी झाली होती. आम्हाला बघून ती उभी राहिली, तोंड उतरलेलं. "ओन्योक कसे आहेत?"

"बरा आहे. बोलतोय, म्हणजे बराच आहे," मिंदा म्हणाली. "पोरी, मला समजेल असं सांग. काय झालं?"

तिने तशीच एक टाकी आणि तशीच नळी आणली, बॅटरी न घालता. टाकी उलटी करून दाखवली. "हे बघा. मधला खिळा आणि त्याच्या भोवती आटे. या जातीच्या नळीत टाकी थेट बॅटरीवर टेकते, मध्ये दुसरं काही नसतं. म्हणून खिळा आट्यांपेक्षा पुढे आलेला पाहिजे. खिळ्यानेच बॅटरीला शिवायचं, आट्यांनी नाही. या टाकीचा खिळा आट्यांच्या बरोबरीत आहे. आटे बॅटरीला टेकले, म्हणजे शॉर्ट सर्किटची तयारी. तरी बटण दाबलं जात नाही तोवर काही झालं नसतं. पण नळी उभी होती आणि गाडी आदळत होती."

"तो म्हणाला कडी फिरवली," कुया म्हणाला.

"म्हणाले असतील," रिझ्झा म्हणाली. मग हळूच, "मी त्यांना सांगितलं होतं तितो, दुसरीकडचं काही लावू नका म्हणून. पण मी ती नळी त्यांना विकलीच नसती तर बरं झालं असतं. मला झोप नाही."

कुयाने टाकी हातात घेतली. भाजलेल्या बोटाने तो खिळा चाचपला, आटे चाचपले, पुन्हा खिळा. बराच वेळ. मी त्याला ओळखते म्हणून सांगते, त्याच्या खांद्यांचा ताण तिथेच थोडा उतरला. इतके दिवस जे कुठूनही, कसंही फुटू शकत होतं, ते एका ठिकाणी, एका कारणाने फुटलं होतं, आणि ते कारण नखाएवढं होतं.

"त्या लहान डबीत टाकी बॅटरीवर टेकते?" त्याने विचारलं.

"नाही. तिला मध्ये स्वतःचा खिळा आहे, भोवती प्लास्टिक. आणि ती कशीही ठेवली तरी बटणावर बसत नाही."

"दोन बॅटऱ्यांची नको. एकीवर लक्ष ठेवणं मला जमेल. दोघींवर नाही."

"एकीवर ठेवतोस तेवढंच मला पुरे," मिंदा म्हणाली, आणि त्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी हसलं.

रिझ्झाने तार स्वतः बसवली, जाड वेढे, थोडीच वाफ देणारी. मोजून दाखवली. बॅटरीचं वेष्टन कुठे फाटलंय का ते बघायला शिकवलं, फाटलं की ती वापरायची नाही, खिशात किल्ल्यांबरोबर सुटी ठेवायची नाही, प्लास्टिकच्या पेटीतच. कुयाने प्रत्येक गोष्ट तिच्याकडून दोनदा वदवून घेतली.

पहिल्यांदा त्याने ती अंगणात ओढली. बादली शेजारी, मिंदाला त्याने दारामागे उभं केलं होतं, मला माझ्या दारामागे. कडी सरकवली, हात लांब धरून बटण दाबलं, सोडलं. डबी गालाला लावून पाहिली, तापली का. पुन्हा दाबलं. शेवटी तोंडाशी नेली आणि एवढासा झुरका घेऊन इतका खोकला की मिंदा बाहेर धावली.

"काय झालं?"

"आंब्याचा स्वाद आहे," तो डोळे पुसत म्हणाला. "कोणी निवडला हा?"

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. त्याने सिगारेट सोडली, धरली, पुन्हा सोडली. एक आठवडा डबी कपाटातच ठेवली होती, कारण तिच्यातून टिक् असा आवाज आला असं त्याला वाटलं. मी कान लावला तर तो त्याच्याच घड्याळाचा होता. झोपायच्या आधी तो बॅटरी काढून पेटीत ठेवायचा आणि मग गॅस बघायचा, आणि मग परत बॅटरी. पण हाताची थरथर थांबली. फर्मे पुन्हा गुळगुळीत यायला लागले. सणाच्या ऑर्डरी सुरू झाल्या तेव्हा मला आठवलं की कित्येक दिवसांत तो रस्ता ओलांडून गेलेला नाही.

दुसऱ्या फोटोच्या दिवशी आम्ही सगळे आरोग्य केंद्रात. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही फोटो खिडकीच्या उजेडात धरले. सावली होती तेवढीच होती, वाढली नव्हती. जुना व्रण, त्या म्हणाल्या, बहुतेक. सिगारेट सुटली हे चांगलं झालं, आता हे दुसरंही हळूहळू सोडा, त्याचं काय ते आम्हालाही अजून पुरतं माहीत नाही.

"बहुतेक," कुया बाहेर आल्यावर म्हणाला.

"चल," मिंदा म्हणाली. "घरी जाऊन काळजी कर."

ओन्योकचं मात्र कुणालाच वाटलं नव्हतं तसं झालं. जखमा भरल्या, कातडी आली, लंगडणं गेलं, पण तो गाडीवर जाईना. आज टायर मऊ आहे, उद्या डोकं दुखतंय. व्हेप सोडाच, तो चूलही पेटवेना. त्याची बायको माझ्याकडे येऊन म्हणाली, काडी ओढली की हा खोली सोडून जातो. त्याला याची इतकी लाज होती की आमच्यापैकी कोणाकडे बघायचा नाही. भीती कशी बाळगायची हे त्याला कोणी शिकवलेलंच नव्हतं.

एका सकाळी कुया कामावर आला नाही. मी मिंदाला विचारलं तर म्हणाली, ओन्योककडे गेलाय. दुपारी मी माल पोचवायला थांब्यावर गेले तेव्हा ती जीपनी उभी दिसली. ओन्योक स्टिअरिंगशी, दोन्ही हातांनी ते धरून, गाडी बंद. कुया बाजूला बसलेला. दोघं कधीपासून बसले होते कोण जाणे. मी पोतं मागे टाकलं आणि गुपचूप चढले.

"समज इंजिन पेटलं," ओन्योक पुढे बघत म्हणत होता.

"तर मी तुझा दंड धरून माझ्याकडे ओढणार. तू माझ्या बाजूने उतरायचंस."

"आणि मागे लोक असले तर?"

"मागे लिदिंग आहे. ती सगळ्यांना उतरवेल. पाणी तुझ्या सीटखाली, वाळूची पिशवी माझ्या. मी सकाळीच ठेवलीय."

ओन्योकने वाकून सीटखाली बघितलं. मग कुयाच्या सीटखाली बघितलं. "ब्रेक?"

"तपासले. तू तपास."

त्याने पाय दाबून पाहिला, पुन्हा दाबून पाहिला. थांब्यावर बायका चढायला लागल्या, एक म्हातारी ओरडली, "अरे, निघतोस का आम्ही चालत जाऊ?"

"थांब की आजी," ओन्योक म्हणाला. "बघू दे नीट."

त्याने किल्ली फिरवली. गाडी थरथरली, सुरू झाली. दोघांनीही एकदमच इंजिनाकडे कान दिला.